थेंबात काहीच हललं नाही

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. डोळा एकच, मान तिरकी, पायाशी एक गोल आरसा, आणि स्वभाव पहिल्यापासून संशयी. माझ्यापुढे कुणी काही ठेवलं की मी आधी मनात म्हणतो, हे दिसतंय तसंच असेल कशावरून? असा स्वभाव लोकांना आवडत नाही, हे मला ठाऊक आहे. पण मला घडवलंच त्यासाठी, त्याला मी तरी काय करू?

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. तिथून भुसा भरलेल्या लाकडी पेटीत बसून मी महाडच्या एका शाळेत आलो. सुरुवातीला माझं कोण कौतुक झालं म्हणून सांगू! कांद्याचा पापुद्रा, माशीचा पंख, जास्वंदीचे परागकण असं काय काय बघायला मुलं रांग लावायची, एकमेकांना कोपरं मारायची. मग नवी यंत्रं आली आणि मला कपाटात कोंडलं. भिंगावर बुरशी चढली. पुराच्या वर्षी कपाटात चिखल शिरला आणि पाणी ओसरल्यावर मला सरळ भंगारात काढलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

तिथून मला अनुपमाने उचललं. ती माझ्याकडे बघून हसली, तेव्हाच मी सावध झालो. भंगारातल्या वस्तूवर कुणी प्रेमाने हात फिरवला की समजावं, हिला काहीतरी हवंय. तिने माझे स्क्रू सोडवले, तेल घातलं, भिंगं मऊ फडक्याने पुसली. मी तिच्यावर नजर ठेवली.

हळूहळू तिची माहिती कळत गेली. ती रसायनशास्त्र शिकलेली. महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधाच्या कंपनीत बरीच वर्षं प्रयोगशाळेत होती. पाळीच्या बसने जायची, नमुने तपासायची. बसमधल्या बायका तिला नाना शंका विचारायच्या आणि ती त्यांना सोप्या मराठीत समजावून सांगायची. त्यातून तिला लिहायचा नाद लागला. वर्तमानपत्रात लेख आले, रेडिओवर भाषणं झाली. मग एक दिवस तिने नोकरीच सोडली. आता ती कुणाचीच नोकर नाही. कधी एखादी माहितीपुस्तिका मराठीत करते, कधी मोबाइलवर छोटी चित्रफीत बनवते, चित्रंही स्वतःच काढते, शाळाशाळांतून प्रयोग दाखवते. या कामाला नेमकं काय म्हणायचं, हे तिच्या आईलाही सांगता येत नाही. शेजारणीने विचारलं की ती म्हणते, “घरूनच काहीतरी करते.” मलाही ते ‘काहीतरी’ संशयास्पदच वाटायचं.

एकदा उमरठच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतून बोलावणं आलं. तिथलं आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईने फोन केला होता. वाडीतल्या मुलांची पोटं सारखी बिघडत होती. सगळ्यांत जास्त त्रास सेजलला. ही पहिलीतली पोर आजी साळूबाईजवळ राहायची. आईबाप मुंबईला. पोर वाळून काडी झालेली. तिच्या बापाने, प्रवीणने, निक्षून सांगितलं होतं की अजून एकदा ती आजारी पडली तर तो तिला घेऊन जाणार. साळूबाईच्या घरात दुसरं होतंच कोण? तिने नजर काढली, डॉक्टर बदलला, शाळेतल्या खिचडीवर संशय घेतला. पाण्यावर मात्र कधीच घेतला नाही.

अनुपमाने मला पोलादपूरमार्गे बसमधून मांडीवर घेऊन नेलं आणि देवळाच्या पडवीत मांडलं. माणसं जमली, पण हातभर लांब उभी राहिली. वाडीचे मानकरी कुशाबा तेवढे पुढे आले.

“ताई, आदी कंपनीत होतीस म्हनं?”

“होते, काका. आता सोडली.”

“मग आता पगार कोन देतो तुला?”

“पगार नाही. जो काम देईल त्याचं काम करते.”

“म्हंजे उद्या कंपनीनं काम दिलं तर तिचं पन करशील. आमचं पानी खराब हाय म्हनून लिवून देशील नि डोंगराच्या पान्याची टाकी बंद पाडशील.”

मला कुशाबांचं बोलणं पटलं. मी तरी वेगळं काय म्हणत होतो?

अनुपमा रागावली नाही. “विचारलंत ते बरं केलंत,” ती म्हणाली. “माझ्यावर विश्वास ठेवूच नका. मी नुसतं दाखवते, तुम्हीच बघा. घरात पिता ते पाणी तेवढं आणा.”

साळूबाई गेली ती लखलखीत तांब्या घेऊन आली. वर झाकण, सोबत वाटीत गूळ. अनुपमाने काचपट्टीवर थेंब सोडला, माझा आरसा उजेडाकडे वळवला आणि डोळा लावला. थेंबात काहीच हललं नाही. मुलांनी पाहिलं आणि तोंडं पाडली. मोठ्यांचे चेहरे मात्र खुलले.

“बग,” साळूबाई म्हणाली. “देवाच्या डोंगराचं पानी हाय. माजी सगळी पोरं याच्यावर वाढली.”

“झालं ना, ताई?” कुशाबा म्हणाले. “च्या घे नि निघ सुखानं.”

मला ते काही केल्या पटेना. डोंगरातून उघड्यावरून आलेलं पाणी, आणि त्यात शेवाळाचा एक तंतू नाही? इतका निर्मळ थेंब मी जन्मात पाहिला नव्हता. अनुपमानेही पुन्हा एकदा डोळा लावला. मग तिने तांब्याला हात लावला आणि तो तसाच ठेवला. तांब्या कोमट होता. खांबाला टेकून उभ्या सेजलच्या गळ्यात शाळेची बाटली होती. “तुझ्यातलं थोडं देतेस?” तिने विचारलं.

सेजलने बाटली दिली. अनुपमाने तिच्या तळातला थेंब घेतला आणि साळूबाईला म्हणाली, “मावशी, आधी तुम्ही बघा.”

साळूबाई वाकली आणि चटका बसावा तशी मागे झाली. “वळवळतंय काय ते? ह्ये तुज्या यंत्रातलंच हाय. आमच्या पान्यात असलं काय नाय.”

माझ्या पोटात किडे! मित्रांनो, आयुष्यभर मी दुसऱ्यांवर संशय घेतला. माझ्यावर कुणी घेतला की कसं वाटतं, ते त्या दिवशी कळलं. फार लागलं मला ते.

अनुपमाला मात्र त्यात आनंदच दिसला. “शंका रास्त आहे,” ती म्हणाली. “काका, मी पाठ फिरवून बसते. तांब्यातला किंवा बाटलीतला, कुठलाही थेंब तुम्ही स्वतः ठेवा, कुठला ते मला सांगू नका आणि मावशींनाही नको. मावशी नुसतं हलतंय की नाही ते सांगतील. यंत्रातच किडे असतील, तर दोन्हींत दिसतील.”

कुशाबांना हे आवडलं. कुणाला फसवता येतं का ते बघायला कुणाला आवडत नाही? त्यांनी धोतराच्या सोग्याआड काचपट्टी तयार केली. साळूबाई म्हणाली, “काय नाय यात.” तो तांब्यातला थेंब होता. पुढचा ठेवला. “हाय, वळवळतंय.” तो बाटलीतला. कुशाबांनी मुद्दाम पुन्हा बाटलीतलाच ठेवला, तरी ती फसली नाही. माणसं आता मला चिकटून उभी राहिली होती.

कुशाबांनी कपाळाला आठ्या घातल्या. “साळूबाय, तांब्या तुजा, बाटली तुज्या नातीची. मग पानी दोन तऱ्हेचं कसं?”

साळूबाई पदराशी चाळा करत राहिली. “तांब्यातलं उकळलेलं हाय. गाळून, उकळून. मुंबैची मान्सं येतात, त्यांना आपलं पानी बाधतं. मग पाव्हण्यासाटी आमी उकळतोच. ही ताई पन पाव्हणीच. तिच्यापुढं तसलं पानी कसं ठेवू?” तिची नजर सेजलकडे गेली. “परवीन येतो ना, त्याला पन उकळूनच देते. नि त्याच्या लेकीला...”

तिने सेजलची बाटली उचलून जवळ घेतली. ती खाली बसली. पडवीतल्या प्रत्येकाच्या घरी तेच चाललं होतं.

अनुपमा तिच्याजवळ जाऊन बसली. “हे हलणारे सगळेच जीव आजार आणतात असं नाही, मावशी,” ती म्हणाली. “पण हे जिथून आत येतात, तिथून घाणही येते.” मग ती कुशाबांसोबत टाकीवर गेली. टाकीचं झाकण फुटलेलं होतं आणि बाजूलाच गुरं बसत होती. तिने पाण्याचा नमुना तालुक्याला पाठवायचं सांगितलं, कारण माझ्या एका डोळ्याला सगळंच दिसत नाही, हे ती जाणते. त्या दिवसापासून तिच्यावरचा माझा संशय गेला.

आम्ही निघालो तेव्हा साळूबाईच्या चुलीवर मोठं पातेलं चढलं होतं, आणि दारात कुणीही पाहुणा नव्हता.

मित्रांनो, माझ्यासारखं जुनं यंत्र दिसलं तर त्याला अडगळीत टाकू नका. भिंगाला बोटं लावू नका, मऊ फडक्याने पुसा. संशय जरूर घ्या, पण परक्या बाईवर घेता तेवढाच घरच्या हंड्यावरही घ्या आणि तपासून बघा. आणि पाहुण्यासाठी जे चांगलं राखून ठेवता, ते आधी घरातल्या लहानग्याला द्या.