गाडी नसताना

“मास्तर, दोरी तेवढी तुम्ही ओढायची. घंटा वाजली की पडदा सरकेल आणि पाहुणे आत येतील,” मालकांनी पुन्हा एकदा समजावलं.

म्हातारे स्टेशनमास्तर खुर्चीत बसून ऐकत होते, पण होकाराची मान काही हलेना.

दालनात जिकडे पाहावं तिकडे घंटा टांगल्या होत्या; मास्तरांच्या खुर्चीशेजारी होती ती त्यांच्याच बंद पडलेल्या स्टेशनची. उमेदीच्या काळात मालकांनी डबघाईला आलेल्या छोट्या रेल्वेकंपन्या विकत घेतल्या, तोट्यातल्या गाड्या बंद केल्या आणि रूळ उखडून विकले. त्यातून ते गब्बर झाले. पण बंद केलेल्या स्टेशनची घंटा त्यांनी कधी भंगारात जाऊ दिली नाही. काय रसिक माणूस, असं लोक म्हणत. खाई त्याला खवखवे, हे मालकांना एकट्यालाच ठाऊक होतं. पुढे त्यांनी शाळा बांधल्या, शहरात मोठं इस्पितळ उभारलं. दान केलं की चार दिवस झोप बरी लागायची, मग पुन्हा येरे माझ्या मागल्या.

आज सगळा संग्रह ते शहराला देणार होते. उद्‌घाटनाला मंत्री बोलवावा, असं मुलीचं मत होतं. मालकांनी हट्टाने या मास्तरांना बोलावलं होतं. कारण हाच माणूस एकदा त्यांच्या दारात येऊन म्हणाला होता, “सगळ्या बंद करा साहेब, पण सकाळची एक गाडी ठेवा. आजारी माणसाला शहरात न्यायला दुसरं काही नाही.” तेव्हा मालक हसून म्हणाले होते, “आजाऱ्यांच्या तिकिटांवर रेल्वे चालत नाही, मास्तर.” ते हसू त्यांना अजून छळत होतं. मास्तरांनी आज आपल्या हाताने घंटा वाजवली, तर ते वाक्य एकदाचं पुसलं जाईल अशी त्यांची आशा होती.

“वहिनी कशा आहेत? त्यांनाही आणायचं होतंत,” मालकांनी विषय बदलला. “तुमच्या क्वार्टरमधला त्यांच्या हातचा चहा मला आठवतो.”

“ती गेली की. बरीच वर्षं झाली,” मास्तर म्हणाले. “तुमचं इस्पितळ नुकतंच उघडलं होतं. हिच्या पोटात दुखायला लागलं. वाळूचा ट्रक मिळाला, त्यात घालून आणली. डॉक्टर धावत बाहेर आले हो, चांगली माणसं ठेवलीत तुम्ही. पण ती वाटेतच गेली होती.”

मालकांना उमगलं, इस्पितळ बांधलं ते आपण, आणि तिथे पोचायची वाट उखडली तीही आपणच.

“मला तेव्हाच येऊन चार शिव्या घालायच्या होत्यात, मास्तर.”

“शिव्या घालून गाडी येते का, साहेब?”

“म्हणून घंटा वाजवत नाही म्हणताय?”

“छे, ते वेगळं आणि हे वेगळं. ही वाजली की लोक गाठोडी उचलायचे. मागच्या स्टेशनातून गाडी सुटलीय, असा शब्द असतो तो. गाडी नसताना मी ती कधी वाजवली नाही. आता म्हातारपणी कशाला खोटं बोलायला लावता?”

वरच्या पंख्याच्या वाऱ्याने घंटा हलू लागली होती. लोलक काठाला टेकणार, तोच मास्तरांनी हात लांबवून दोरी धरली.

एवढ्यात मुलगी लगबगीने आली. “बाबा, लोक खोळंबलेत.”

“पडदा हातानेच सरकव,” मालक म्हणाले.

पाहुणे आत आले, खुर्च्या भरल्या. लिहून आणलेलं भाषण मालकांच्या खिशातच राहिलं.

“आज घंटा वाजणार नाही,” ते म्हणाले. “ही सगळी स्टेशनं मी बंद केली. नफ्यासाठी केली. तिथली माणसं माझ्याकडे एक गाडी मागत होती, तीही मी दिली नाही. त्यातली काही वाटेतच मेली. हा संग्रह नाही, ही माझी करणी आहे.”

आता कोणी तरी उठावं, तोंडावर थुंकावं, निदान बाहेर निघून जावं, असं मालकांना मनापासून वाटलं.

पहिल्या रांगेत कोणी तरी डोळे पुसले आणि टाळी वाजवली. मग दुसऱ्याने. बघता बघता सगळे उभे राहिले. “केवढं मोठं मन,” असं कुजबुजत लोक टाळ्या पिटत होते. मालकांची मुलगीही त्यांच्यात होती, तिला तर वडिलांचा अभिमान आवरत नव्हता.

मालकांनी शरमेने मान खाली घातली, तर लोकांना तो विनय वाटला आणि टाळ्या आणखी वाढल्या. त्यांनी हळूच मास्तरांकडे पाहिलं. एकटे मास्तर खुर्चीत बसून होते. ते टाळ्या वाजवत नव्हते. घंटा हलू नये म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी दोरी घट्ट धरून ठेवली होती.