द्रौपदीच्या पापण्या

'नॅचरल' हा शब्द जामसंड्यात ज्याने कोणी आणला, त्याला एकदा माझ्या खुर्चीत बसवून भुवयांवर दोरा फिरवायचाय. पडवीत प्लायवूडचं पार्टिशन घालून मी पार्लर चालवते आणि हल्ली येणारी प्रत्येकजण हाच शब्द घेऊन येते. त्या दिवशी दिव्या आली. ती बाजारात मोबाइलच्या दुकानात असते, त्यामुळे जगातले सगळे व्हिडिओ आधी तिला दिसतात.

"काकी, भुवये दाट होवक कांद्याचो रस लावतंय. नॅचरल आसा ना?"

"काजीच्या बियेचा तेलय नॅचरलच. ता लाव बघूया डोळ्याक."

त्या तेलाने सोललेली काजू फोडणाऱ्या बायकांची बोटं तिने पाहिलेली आहेत, त्यामुळे कांद्याचं नाव तिने परत काढलं नाही. मग मी नेहमीची टेप लावली. दोरा महिन्यातून एकदाच, मधे चिमट्याने उपटत बसायचं नाही. काजळ धुतल्याशिवाय झोपायचं नाही. एरंडेल लावायचंच तर मस्काराचा जुना ब्रश स्वच्छ धुऊन, थेंबभर, फक्त भुवईला. आणि नवीन काहीही असो, आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून रात्रभर बघायचं. हे मी इतक्यांदा सांगते की सांगताना माझं मलाच ऐकू येत नाही.

आणि माझ्याच घरात काय चाललं होतं? माझे यजमान गुरुदास दशावतारात स्त्रीपार्टी आहेत, म्हणजे बायकांची कामं करतात. द्रौपदी त्यांचीच, दुसऱ्या कुणाला ती कधी मिळालीच नाही. जत्रांचा हंगाम लागला की रोज नवीन गाव. उजाडताना घरी यायचे ते तोंडावरचा रंग गाडीतच कसाबसा पुसून, गोंदाने चिकटवलेल्या खोट्या पापण्या ओरबाडून काढून. ओरबाडूनच. त्यांच्यासोबत खऱ्या पापण्याही यायच्या. भुवया तर ब्लेडने घासून निम्म्या करून टाकलेल्या. मी ओरडायचे, हे ऐकायचे आणि झोपी जायचे.

जामसंड्यातल्या निम्म्या नवऱ्या मी सजवल्यात, पण ह्यांच्या तोंडाला कधी बोट लावलं नाही. दशावतारात ज्याचं तोंड त्यानेच रंगवायचं असतं. नाटकाचा पेटारा असतो, त्याला हात लावायचा, तोच कपाळाला लावायचा आणि आरसा घेऊन बसायचं. लग्न झालं त्या वर्षी मी एकदा हौसेने म्हटलं होतं, मी रंगवू का? हे म्हणाले, "ह्या काय पार्लर न्हय." मी परत कधी विचारलं नाही.

मग एका सकाळी आले ते डावा डोळा बंद करूनच. पापणीची कड लाल, टच्च फुगलेली, आणि मधे एकही केस नाही. रिक्षा करून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी थेंब दिले, कोमट पाण्याने शेकायला सांगितलं आणि म्हणाले, "महिनाभर पापणीला गोंद नाही, काजळ नाही. नाही ऐकलंत तर केस परत यायचे नाहीत. ते राहू दे, डोळ्याच्या आत गेलं तर मग भारी पडेल."

डोळ्याचं कळल्यावर संध्याकाळी नाटक कंपनीच्या मालकांचा, जितेंद्रचा, फोन आला. स्पीकर चालू होता.

"गुरुदासा, पापणेशिवाय द्रौपदी? लायटीत डोळेच दिसाचे नाय. म्हयनोभर बस रे. तोपर्यंत कौस्तुभ करतलो."

कौस्तुभ म्हणजे सखीचं काम करणारा कंपनीतला नवा पोरगा. ह्यांनी फक्त "बरा" म्हटलं आणि फोन ठेवला. महिन्याने द्रौपदी परत मिळेल असं मालक म्हणाले नव्हते, ह्यांनीही विचारलं नाही. दशावतारात एकदा हातातून गेलेला पार्ट मागून मिळत नाही, हे मलाही ठाऊक होतं.

आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? किती हंगाम मी एकटी जेवले, एकटीने दारं लावली, गाडी कुठे उलटली नसेल ना म्हणत पडून राहिले. मी दमले होते. आता हे दुपारी माझ्यासोबत बांगड्याची आमटी जेवत होते. माशांचे भाव विचारत होते. पन्नाशी जवळ आली, अजून किती दिवस साड्या नेसून नाचणार, होतं ते बऱ्यासाठी, असं मी मनाशी धरून चालले होते.

एक गोष्ट मात्र मला पहिल्या दिवसापासून माहीत होती आणि मी ती बोलले नव्हते. गोंदाशिवाय पापण्या करता येतात. केस चिकटवायचे नाहीत, रेघांनी काढायचे. पापणीच्या कडेला हात न लावता, वर आणि खाली कातडीवर बारीक बारीक ओढायचे. चार हातांवरून कळत नाही, मग मंडपातून कुणाला कळणार? पण ही युक्ती सांगितली की हे गेलेच.

तिसऱ्या दिवशी दुपारी हे द्रौपदीची साडी स्वतः धुऊन, घडी घालून पार्लरमध्ये आले. हातात पोलकं होतं, जरीकाठाचं, काखेत माझ्याच हातचे टाके.

"ह्या जरा आत घे. कौस्तुभाच्या अंगाक ढगळ जातला."

मी सुई घेतली. दोरा ओवला. हे समोरच्या बाकावर बसले होते, गिऱ्हाइकं बसतात तसे, हात मांडीवर ठेवून. शिवण कुठून घ्यायची ते मला सांगत होते, त्या मुलाला हात वर करताना काचू नये म्हणून. आवाज अगदी नेहमीचा होता. तो नेहमीचा होता म्हणूनच मला पुढचा टाका घालवेना. मी सुई परत डबीत टाकली.

"हात पुढे करा."

"कित्याक?"

मी भुवयांची पेन्सिल घेतली, पाण्याने निघणारी, आणि त्यांच्या कोपराच्या आत चार रेघा ओढल्या. "सकाळपर्यंत धुवचा नाय."

सकाळी कातडी स्वच्छ होती. डॉक्टरांना फोन केला. कडेपासून लांब राहणार असाल, रंग डोळ्यात जाणार नसेल, तर हरकत नाही म्हणाले. मग मी मालकांना फोन लावला. "आज मसुऱ्याच्या जत्रेत द्रौपदी हेच करतले. गोंद नाय, पापणे आसत. नाय आवडले तर उद्यापासून बोलवू नका." मालक काहीतरी म्हणत होते, मी फोन ठेवला.

उन्हं उतरली तेव्हा ह्यांना खुर्चीकडे बोट दाखवलं. "बसा. मंडपात रंगलास तर पापणे काढूक मी थय येवचंय नाय."

हे आले, पण बसले नाहीत. मग वाकून त्यांनी माझ्या त्या फाटक्या रेक्झिनच्या खुर्चीच्या हाताला बोटं लावली, तीच कपाळाला लावली, आणि डोळे मिटून बसले. मी मुद्दाम कापसाची पिशवी शोधत बसले, कारण मला समोरचं काही दिसेना.

ब्लेडने गेलेल्या भुवया मी एकेका केसाने भरल्या. पापण्या बारीक रेघांनी काढल्या. कंपनीच्या गाडीचा हॉर्न वाजला आणि माझी द्रौपदी पिशवी घेऊन निघून गेली. मी परत एकटी जेवले.

उजाडताना हे आले. अंगावर साडी तशीच, तोंडावर सगळा रंग तसाच, गाडीत काही पुसलेलं नाही. चहासुद्धा न मागता खुर्चीत बसले.

"तूच काढ," म्हणाले.

"मालक काय बोललो?"

"काय नाय. कौस्तुभाक परत सखीचो पार्ट दिल्यान."

मी कापूस खोबरेल तेलात बुडवला. आधी गालावरचा रंग, मग भुवया, मग डोळ्यांभोवती अगदी हलक्या हाताने, न चोळता. एक बाजू होईपर्यंत ह्यांची मान कलली. घोरू लागले. अर्धं तोंड द्रौपदीचं, अर्धं माझ्या नवऱ्याचं, दोन्ही सारखीच थकलेली. कडेची सूज उतरली होती. मी जवळ वाकून पाहिलं, केस अजून आलेले नव्हते. येतील किंवा नाही येणार. डोकं पडू नये म्हणून मी एक हात खाली दिला आणि तशीच उभी राहिले. माझे पाय दुखत होते.

दार वाजलं. दिव्या होती, दुकान उघडण्याआधी दोरा करून घ्यायला आलेली. पार्टिशनच्या फटीतून तिला जरीचा काठ दिसला असावा.

"इतक्या सकाळी कोण आसा गो काकी?"

"एक बाई आसा," मी म्हटलं. "रातभर उभी होती. मागसून ये."