अडुसष्ट लिंगं आणि जुना फोन

बुधवारी सकाळी पूजेच्या खोलीत तांब्या पडल्याचा आवाज झाला म्हणून सिद्धेश्वरी धावली. सासूबाई, कमलम्मा, भिंतीला टेकून बसल्या होत्या. ओठ पांढरेफटक.

"अत्ती! काय होतंय?"

"काय न्हाय गं. जरा गरगरलं." सुनेनं पुढं केलेला दुधाचा पेला त्यांनी मागं सारला.

सिद्धेश्वरीनं मनात दिवस मोजले. सोमवारी उपवास, तो नेहमीचाच. काल म्हणाल्या, पोट जड हाय. म्हणजे रविवारपासून अन्नाचा कण नाही?

नेम कुणाला बोलून दाखवायचा नसतो, त्यामुळं कमलम्मा गप्प. सुनेनं पायच धरले तेव्हा त्यांनी देवाजवळचा फोन पुढं केला. सिद्धेश्वरीचाच जुना, कोपऱ्यात तडा गेलेला.

"गुडघ्यामुळं मला फिरणं होत न्हाय. म्हणून गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा झाली की ह्यात रोज अडुसष्ट लिंगं करते. त्याबिगर जेवत न्हाय. आता हे काय म्हणतंय बघ की."

पडद्यावर लिहिलं होतं, 'आपल्या फोनवर हा खेळ यापुढे चालणार नाही.'

सिद्धेश्वरीनं ते पुन्हा वाचलं. ते वाक्य तिनं स्वतः लिहिलं होतं.

सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात स्थापलेल्या अडुसष्ट लिंगांना नंदीसह फेरी घालण्याचा हा खेळ तिनं आणि तिच्याबरोबर काम करणाऱ्या इंद्रजीतनं दोन वर्षं खपून केला होता. कॉम्प्युटरवर खेळणारे बारा मिनिटांत फेरी उरकत आणि वर म्हणत, नंदी अजून पळवा. जुन्या फोनवर मात्र वापराच्या आलेखात एका फेरीला दोन-अडीच तास दिसत. प्रत्येक लिंगापाशी खेळ जागच्या जागी. "अडकतोय गं," इंद्रजीत म्हणाला होता, "वैतागतात आणि एक तारा देतात. काढूनच टाक जुने फोन." तिलाही पटलं. रविवारी तिनं त्या फोनवरचा खेळ बंद केला.

"अत्ती, मला एका शब्दानं विचारायचं तरी!"

"तू कशाला बंद करशील?" कमलम्मा हळूच म्हणाल्या. "मला वाटलं, देवालाच माझी सेवा नको झाली."

सिद्धेश्वरीला रडूही येईना. तिनं लॅपटॉप आणला, नवा खेळ लावला. चकाचक देऊळ, झुलणारी झूल, नंदी सुसाट. कमलम्मांनी चष्मा पुसला.

"हे पळतंय की! देवाला पळत जातं व्हय कुणी?"

मग तिनं केबल जोडून फोनवर जुनाच खेळ परत चढवला. सेकंदाला जेमतेम अठरा चित्रं, नंदी अडखळत चालणारा. कमलम्मांचा चेहरा सैल झाला. पहिल्या लिंगाशी नंदी उभा राहिला आणि त्यांनी फोन मांडीवर ठेवून डोळे मिटले. ओठ हलत राहिले. दोन मिनिटांनी डोळे उघडून बोट टेकवलं, नंदी निघाला. दुसऱ्या लिंगाशी पुन्हा तेच.

सिद्धेश्वरी बघतच राहिली. आलेखात महिनोन्‌महिने जे अडकणं दिसत होतं, ते हे होतं.

तिनं इंद्रजीतला फोन लावला. "अरे, खेळ अडकत नव्हता. माणसं हात जोडून थांबत होती!"

"काय सांगतेस? सगळीच?"

"ते एक तारा देणारे कोण आहेत, बघ आधी."

पलीकडे कीबोर्ड खडखडला. "जुन्या फोनवरचा एकसुद्धा नाही गं. सगळे कॉम्प्युटरवाले. आपण बघितलंच नाही."

अडुसष्टावं लिंग झालं तेव्हा दुपारचा एक वाजत आला होता. कमलम्मांनी दूध घेतलं, दोन घास भात खाल्ला. रंग परतला तशा त्या म्हणाल्या, "हा निरोप मला एकटीलाच आलता का गं?"

"नाही अत्ती. तीनशे अकरा फोनना गेलाय."

कमलम्मांचा तिसरा घास हातातच राहिला. "मग त्यांनी जेवण केलं असंल?"

मॉडेल, मेमरी, आवृत्ती, सगळं त्या फोनांच्या यादीत होतं. माणसाचं नाव एकही नव्हतं. सिद्धेश्वरीनं लॅपटॉप ओढला आणि जुना खेळ सगळ्यांसाठी परत पाठवायला घेतला. पोचायला संध्याकाळ होणार होती.

कमलम्मांनी ताट बाजूला सारलं आणि तिच्या शेजारी येऊन बसल्या.