शिवणाऱ्या आजींची आठ वर्षं

मी एक जुनी, निळी, कडी ढिली झालेली पेटी आहे. मित्रांनो, माझ्या पोटात काय असतं ते ऐकून नाक मुरडू नका. लोकांच्या शौचाचे नमुने असतात, घट्ट झाकणाच्या डब्यांत. ते मी घरोघरून प्रयोगशाळेत नेते. तिथे त्यातल्या आतड्याच्या पेशींच्या खुणा तपासून कर्करोगाची चाहूल घेतात. बारा वर्षांत एक थेंब सांडलेला नाही, हे जरा तोऱ्यातच सांगते.

एकदा माझा पेटीवाला मला शिवणकाम करणाऱ्या एका आजींकडे घेऊन गेला. आजी साऱ्या गल्लीची मापं बिनचूक घ्यायच्या. पण डब्यासोबतच्या कागदावर त्यांनी स्वतःचं वय अठ्ठावन्न लिहिलं. शेजारी आजोबा बसले होते ना. लग्न ठरताना चोरलेली आठ वर्षं आता कोणत्या तोंडानं परत करणार?

प्रयोगशाळेत खुणांचा आकडा जास्त आला. तपासणाऱ्या बाई चक्रावल्या. "वय वाढलं की आजार नसतानाही हा आकडा थोडा चढतो," त्या पेटीवाल्याला म्हणाल्या. "पण अठ्ठावन्नला एवढा? वय पुन्हा नीट विचारून या."

आम्ही परत गेलो. आकडा ऐकून आजींचा चेहरा पार उतरला. आजोबा स्वयंपाकघरात आहेत असं पाहून त्या पुटपुटल्या, "सहासष्ट लिहा. हळू बोला मात्र."

"सहासष्टच," आतून आवाज आला. "मला लग्नाआधीपासून ठाऊक आहे."

"मग इतकी वर्षं गप्प का बसलात?"

"तुला बरं वाटत होतं, म्हणून."

आजी रडता रडता हसायला लागल्या. खरं सांगते, मलाही भरून आलं.

डॉक्टर म्हणाले, "वयामुळे आकडा थोडा चढला असेल, पण त्यावर विसंबायचं नाही. आतून बघूच." कॅमेऱ्याने पाहिलं तर आतड्यात वाटाण्याएवढी गाठ. ती तिथल्या तिथे काढली. कर्करोग नव्हता. ही बातमी द्यायला दोघं प्रयोगशाळेत आले, तेव्हा मी टेबलावरच होते. काय आनंद झाला म्हणून सांगू!

मित्रांनो, तुमच्या घरच्या मोठ्यांना सांगा, तपासणी टाळू नका आणि माझ्यासोबतच्या कागदावर वय, सवयी, आजार सगळं खरं लिहा. त्यात कसली आलीय लाज? त्या दिवशी आजोबांना घरी जायची घाई झाली होती. आजी मात्र खुर्चीत ऐसपैस बसल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "गप्प बसा. मी तुमच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी आहे, माझं ऐकायचं."