एका पेडावर टांगलेली झोळी

मी झोळी बोलतेय, आणि जरा हळूच बोलतेय, कारण आज सकाळी माझ्या डाव्या अंगाला 'कट्' असा आवाज झाला.

आवाज अगदी बारीक होता, नख कापताना होतो तेवढाच. समोरच्या खोलीत कुणीतरी चहाचे कप ठेवत होतं. मी स्वतःला म्हटलं, कपाचाच असेल. आम्हा घाबरटांचं हे असंच. एरवी पान पडलं तरी दचकायचं, आणि खरंच काही झालं की म्हणायचं, कपाचा असेल.

कपाचा नव्हता. मला झाडाला बांधणारा दोर तीन पेडांचा आहे, मुलीच्या वेणीसारखा. त्यातला एक पेड तुटला होता. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझं उलटं झालंय. सुंभ जागच्या जागी आहे, पीळ तेवढा सुटत चाललाय.

घाबरटपणा मला जन्मापासूनचा. जिने मला विणलं ती बाई एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये खिडकीशी बसायची. मी अर्धी विणून झाले होते, तेव्हा शेजारच्या टेबलावरून लोखंडी कात्री खाली पडली आणि बाई दचकली. त्या झटक्यात एक गाठ नको इतकी आवळली गेली. तिने ती सोडवायला दात लावून पाहिले, सुटली नाही. "राहू दे," ती म्हणाली, "एकीला तरी धाक असलेला बरा." बाकीच्यांच्या पोटात अधूनमधून गोळा येतो, माझ्या पोटात कायमची गाठ आहे.

तिथून मी या समुद्रकाठच्या रिसॉर्टवर आले. इथल्या कागदपत्रांत माझं नाव 'हॅमॉक' आहे. सहा नंबरच्या खोलीसमोर दोन झाडांच्या मध्ये मला बांधलं, आणि गळ्यात चिठ्ठी अडकवली : वजन एकशे वीस किलोपर्यंत.

तेव्हापासून मी माणसं बघतेय, तीही पाठीकडून. निवांत पडायला म्हणून येतात. आधी फोटो काढतात, मग तो फोटो कुणाकुणाला आवडला ते बघत पडतात, मग पायाला मुंग्या येतात आणि उठून जातात. नवीन लग्न झालेली जोडपी दोघं एकदम शिरतात आणि घरंगळत मध्यावर येतात. लग्नाला दहा वर्षं झालेली आळीपाळीने शिरतात, आणि बाहेरचा आतल्याला म्हणतो, "झालं का तुझं?"

माझी काळजी माळीकाकांकडे होती. दर सोमवारी ते दोर ओढून बघायचे, बोटाने पेड चाचपायचे. गेल्या महिन्यापासून व्यवस्थापकांनी त्यांना कुंड्या रंगवायला बसवलंय. कुंड्या फोटोत दिसतात, दोर दिसत नाही. फोटोसाठीच माझ्याखालची वाळू काढून तिथे दगडी फरशी घातलीय.

परवा सहा नंबरात तिघं उतरले. खरं म्हणजे साडेतीन. नवरा, बायको, नवऱ्याची आई, आणि बायकोच्या पोटात सात महिन्यांचं कुणीतरी. सुट्टी दोघांचीच ठरली होती, पण सासूबाई म्हणाल्या, "सातव्यात तिला एकटी कशी सोडू?" नवरा म्हणाला, "एकटी कुठे, मी आहे ना." सासूबाई म्हणाल्या, "म्हणूनच."

सूनबाई माझ्याच जातीची, दचकणारी. मला पहिल्या दिवशीच कळलं.

"डॉक्टरांनी सांगितलंय ना, प्रवास चालेल, फक्त निवांत राहा?" नवरा विचारत होता.

"राहतेय ना निवांत. दर तासाला स्वतःला आठवण करतेय."

"मग पोहायच्या तलावात ये की."

"त्यात औषध किती टाकतात, विचारलंस?"

"विचारलं. पुरेसं टाकतात म्हणाला तिथला माणूस."

"पुरेसं म्हणजे किती?"

यावर नवऱ्याने चष्मा पुसला. त्याच्याकडे उत्तर नसलं की तो चष्मा पुसतो. दोन दिवसांत काचा लख्ख झाल्यात.

आज सकाळी, तो 'कट्' झाल्यावर थोड्याच वेळाने, सूनबाई व्हरांड्यात उभी राहून माझ्याकडे बघत म्हणाली, "दुपारी जरा झोळीत पडावं म्हणते."

सासूबाई शब्दकोडं सोडवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "झोळी पोराची असते गं, पोराच्या आईची नाही. ज्याची आहे त्याला आधी येऊ तर दे."

"एकशे वीस किलोपर्यंत चालतं. लिहिलंय त्यावर."

"लिहिलेलं वाचायला दोर शाळेत गेलाय का?"

सूनबाईने मान डोलावली. पण मला दिसलं, तिने ठरवून टाकलं होतं. घाबरट माणूस आयुष्यात फारच थोड्या वेळा हट्टाला पेटतो, आणि नेमका चुकीच्या दिवशी.

दुपारचं जेवण झालं. नवरा पोहायला गेला. सासूबाई व्हरांड्यातला पडदा ओढून कोडं घेऊन बसल्या. ती आली, तीन उशा घेऊन. मोबाईल चपलेत ठेवला, आधी टेकली, मग एक पाय, मग दुसरा. मी श्वास रोखून धरला. दोन पेडांनी तिला तोललं.

खरं सांगू? मला बरं वाटलं. ती डाव्या कुशीवर वळली, पोटाखाली उशी सरकवली आणि तीन दिवसांत पहिल्यांदा तिचे खांदे खाली आले. मग मला आतून लाथ बसली. माझ्यात लहान मुलांनी पुष्कळ लाथा मारल्यात, पण अजून न आलेल्याने मारलेली ही पहिलीच. ती झोपेतच हसली. मीही विसरून गेले, की मला काही झालंय.

आणि दुसरा पेड गेला. 'कट्'.

तिने डोळे उघडले. मान वळवली, दोर बघितला. डोक्याच्या वर एकच पेड उरलेला, आणि त्याचेही तंतू उभे राहायला लागलेले, मांजर फिसकारल्यासारखे.

ती उठायला गेली, पण धरायला काही नव्हतं. पोट मध्ये, पाय वर, उताण्या कासवासारखे हात नुसते हवेत. जरा हलली की मी करकरायचे, मी करकरले की ती थिजायची. खाली फरशी. मोबाईल चपलेत वाजायला लागला आणि वाजून वाजून थांबला.

"अहो," ती म्हणाली. मग जरा मोठ्याने, "अहो."

वीस पावलांवर झुडपांपलीकडे पोहण्याचा तलाव आहे. काठावर टोपीवाले एक काका काकूंबरोबर पहुडले होते. पाण्यात आपल्या सासूबाईंचे चिरंजीव.

"काका, तुम्हाला हाक मारतायत," पाण्यातून आवाज आला.

"मला कशी मारेल? ही तर इथे आहे."

"मी मारते तेव्हा तरी कुठे ऐकू येते?" काकू म्हणाल्या.

"असतील दुसऱ्या कुणाचे तरी 'अहो'," असं म्हणून तो नाक धरून पाण्याखाली गेला.

त्याचाही दोष नाही. 'अहो' म्हणजे आपण, हे त्याला फक्त आईसमोर, जेवणाच्या टेबलावर ठाऊक. दोघंच असताना ती त्याला 'भोपळ्या' म्हणते. 'भोपळ्या' ऐकून तो तलावासकट धावत आला असता. ओठांवर आलंही होतं, "भो..." पण पडदा दहा पावलांवर, आणि पडद्याआड त्याची आई, 'अहो' आपल्यासाठी नाही असं धरून कोड्यात रमलेली. तिने ते गिळलं.

मग सासूबाईंनाच का नाही हाक मारली? मीही मनात तेच ओरडत होते. पण एक तर सकाळचं बोलणं. आणि दुसरं म्हणजे, काय म्हणून मारायची? हिची 'ए आई' एकच, माहेरची. लग्नानंतर 'अहो आई' म्हणायचं ठरलं, ते काही जिभेवर बसलं नाही. दोन वर्षं ती भिंतीकडे बघून "चहा झालाय" म्हणते, नाहीतर "ऐकलंत का" म्हणून वेळ मारून नेते. सासूबाईही ऐकून घेतात.

आत्ता या क्षणी ती माझ्यात आहे. तिसऱ्या पेडाचे तंतू एकेक करून सुटतायत, मला मोजता येतायत. तिने दोन्ही हात पोटाखाली धरलेत, जणू मी सोडलं तर ती धरणार आहे.

अशा बोलण्याच्या शेवटी वस्तू काहीतरी मागतात. आम्हाला जपा, अडगळीत टाकू नका, असं. मला मेलीला अडगळ चालेल, उद्यापासून बटाटे ठेवा माझ्यात. आज मला फक्त हिच्याकडेच मागायचंय. पोरी, काय म्हणून हाक मारायची ते मागाहून ठरव, आधी मार.

"अहो..." तिने सुरुवात केली, आणि थांबली. पेड आणखी एक बोट ताणला गेला.

"ए आई," ती ओरडली. "ए आई, ये ना गं लवकर."

पडद्याआड पेन्सिल थांबली. खुर्ची मागे सरकली.

"ओ," सासूबाई म्हणाल्या. "ओ, आले. हलू नकोस."