ग्लेंडाची पाठ

कुत्र्याच्या अंगावरची गोचीड काढावी तर वेंडेलनंच, असं त्या रस्त्यावरच्या आठही घरांचं मत होतं. खुद्द वेंडेलचं तर होतंच होतं. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर मे उजाडला की गवताच्या पात्यापात्यावर गोचिडी टपून बसतात, आणि त्यांतल्या खसखशीएवढ्या गोचिडीनं लाइम नावाचा ताप-सांधेदुखीचा आजार होतो, हे तिथं शाळकरी पोरंही सांगतात. मग शेजारीपाजारी आपापली कुत्री घेऊन वेंडेलच्या ओसरीवर हजर. चिमटा अगदी कातडीला टेकवायचा, डोक्यापाशी पकडायचं, सरळ वर ओढायचं, पिळायचं नाही, हे त्यानं ज्याला ऐकवलं नाही असा माणूस तिथं उरला नव्हता. चाळीस वर्षं बोटींची इंजिनं उघडण्यात गेलेली, त्यामुळे बारीक कामाला हात बसलेला, आणि त्याची शेखी मिरवायलाही तो कमी करत नसे.

त्याची स्वतःची टिली म्हणजे लांब कानांची, आगाऊ बीगल जातीची कुत्री. संध्याकाळी फिरून आली की वेंडेल गुडघे टेकून तिच्यापुढे बसायचा. कानांच्या मागे, काखेत, पट्ट्याखाली, पंजांच्या बोटांमध्ये, सगळीकडे केस उलटे करून बघायचा. चांगली पंधरा मिनिटं. गोचिडी मारणारी महिन्याची गोळी एक दिवसही चुकायची नाही.

टिली झाली की ग्लेंडाचा नंबर. ती दिवसभर वाटाण्याच्या आणि स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांत. बाकीचं अंग तिचं ती बघायची, पण पाठ कशी दिसणार? म्हणून ती शर्ट वर करून त्याच्या खुर्चीपुढे पाठमोरी उभी राहायची. सुरुवातीची वर्षं वेंडेल दिवा जवळ ओढून नीट बघायचा. पुढे दिवा सुटला. मग बघणंही सुटलं. समोर बेसबॉलची मॅच चालू असायची. तो डोळे तिकडे ठेवून पाठीवरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, "साफ आहे." कुत्रीला पंधरा मिनिटं आणि अडतीस वर्षं संसार केलेल्या बायकोला दोन चेंडूंच्या मधला वेळ!

जुलैत ग्लेंडाला ताप भरला. अंग मोडून आलं, गुडघा टम्म सुजला. फ्लू असेल म्हणून तीन दिवस काढले, चौथ्या दिवशी वेंडेल तिला दवाखान्यात घेऊन गेला. नर्सनं तिचा शर्ट वर केला. उजव्या खांद्याखाली, गोचीड चावल्यावर उठतं तसं, बशीएवढं लाल कडं होतं.

"हे कधीपासून आहे?" तिनं विचारलं.

"काल रात्रीत उठलं असेल," ग्लेंडा म्हणाली. "माझा नवरा रोज संध्याकाळी बघतो ना. त्याच्या नजरेतून काही सुटत नाही. अख्खा रस्ता कुत्री घेऊन येतो त्याच्याकडे."

एवढं कडं रात्रीत होत नाही, त्याला आठवडा तरी लागतो. नर्सला ते ठाऊक होतं. तिनं एकदाच वेंडेलकडे बघितलं. वेंडेलला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यानं मुकाट्यानं भिंतीवरचा तक्ता वाचायला घेतला, तर तिथंही नेमकं तसंच कडं छापलेलं.

दोन आठवड्यांच्या गोळ्या घेऊन परत येताना ग्लेंडाचा निर्णय झाला होता. टिली तिच्या पायांशी, अंथरुणातच झोपायची. म्हणजे गोचीड टिलीनंच आणली. कुत्री द्यायची. तिचा भाचा ड्वेन सशांच्या शिकारीसाठी कधीपासून बीगल शोधत होता, त्याला तिनं घरी पोचताच फोन केला. शनिवारी येतो म्हणाला.

वेंडेलच्या हातात तीन दिवस होते. टिलीच्या अंगावर त्या मोसमात एकही गोचीड सापडली नव्हती, याची तो शपथ घेऊ शकला असता. पण कुत्री साफ होती म्हणायचं, तर कोणाकडे बघितलं नव्हतं तेही सांगावं लागणार. तेवढी त्याची छाती होईना. ड्वेनकडे जागा मोठी आहे, टिलीला मजाच येईल, अशी तो स्वतःची समजूत घालत राहिला आणि स्वतःलाच पटेना म्हणून कुत्रीला जास्तीचं मांस घालत राहिला.

शनिवारी ड्वेनचा ट्रक दारात लागला. ग्लेंडानं टिलीची वाटी, गोळ्या, चादर असं सगळं स्वतः नेऊन ठेवलं आणि मग दुखरा गुडघा कसाबसा वाकवून कुत्रीपुढे बसली. तिचे डोळे वाहत होते.

"माझा राग नाही गं तुझ्यावर," ती टिलीला म्हणाली. "तुला तरी काय कळतंय."

वेंडेलला ते बघवेना.

"टिलीनं नाही आणली," तो म्हणाला.

"तुला काय माहीत?"

"तिला मी रोज बघतो. केस न् केस बघतो."

"मग मलाही बघतोसच की."

ड्वेनला एकदम ट्रकच्या मागच्या चाकात काहीतरी बघण्यासारखं सापडलं.

"वेंडेल?"

"तुला नव्हतो बघत. नुसता हात फिरवायचो. मॅच चालू असायची."

"कधीपासून?"

"गेल्या उन्हाळ्यापासून."

ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं टिलीची चादर ट्रकमधून परत काढली, ड्वेनला म्हणाली, स्ट्रॉबेरी पाय भाजलाय, खाऊन जा. आत तिनं तीन बश्या मांडल्या. वेंडेललाही तुकडा दिला, नेहमीएवढाच मोठा. त्यानं तो तसाच बशीत ठेवला.

संध्याकाळी त्यानं टीव्ही बंद केला. चष्मा पुसून घातला, दिवा खुर्चीजवळ ओढला आणि वाट बघत बसला. ग्लेंडा बागेतून आली. तिनं दिव्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"मी रोबर्टाला बोलावलंय," ती म्हणाली.

रोबर्टा म्हणजे शेजारीण. दर आठवड्याला आपला टेरियर कुत्रा वेंडेलकडे आणणारी. दोघी न्हाणीघरात गेल्या, दार लोटलं गेलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. रोबर्टा काही घाई करत नव्हती.

"हा तीळ पहिल्यापासून आहे का गं?" तिचा आवाज आला. "कमरेच्या वर, मसुराएवढा आहे बघ."

"मला कसं माहीत असणार?" ग्लेंडा म्हणाली. "पाठीवर आहे ना."

दिव्याच्या उजेडात बसून वेंडेलनं खूप आठवून पाहिलं. त्यालाही माहीत नव्हतं.