तीन वाटांची पेटी

वलगावच्या जिनिंगमध्ये त्या दुपारी कापसाचे तंतू उन्हात असे तरंगत होते, की मायाला आपण पाण्याच्या तळाशी चालतोय असं वाटलं. वायरमनचं लायसन हाती पडून तिला चार वर्षं झाली होती. मूर्तिजापूरहून ती इथलं विजेचं पॅनल तपासायला आली होती.

पॅनलची लोखंडी पेटी भिंतीशी उभी होती आणि तिच्यावर तळहात टेकवून, डोळे मिटून, सरकी झाडणारी पार्बताबाई.

"मावशी, हात काढा आधी!"

"काहून वं? रोज दुपारी गुदगुल्या करते मले. कोनी हळूच इचारपूस करून राहिलं असं वाटते."

मायाला हसू आलं नाही. तिनं मॅनेजर महादेवरावांना सांगून यंत्रं थांबवली, मेनचा खटका पाडला. जनरेटर बंदच होता. गडगडाट विरला आणि त्या शांततेत तंतू सावकाश खाली उतरू लागले, केसांवर, पापण्यांवर. तिला गुंगीच आल्यासारखं झालं.

"आता काई भेव नाई," म्हणत ती पाना घेऊन पेटीकडे वळली.

पार्बताबाईनं बोटाची मागची बाजू पेटीला लावली. "नाई माय. अजून झिनझिन करते."

मायाचा हात हवेतच थांबला. टेस्टर टेकवला, तर तो मंद लालसर उजळला. मेन नाही, जनरेटर नाही, मग कुठून? तेवढ्यात वजनकाट्याच्या खोलीतला दिवा तिला दिसला. तो जळतच होता.

"तो सोलरवर हाय," महादेवराव म्हणाले. "बॅटरी हाय ना त्याले. तार याच पेटीतून गेली."

सोलर आणि बॅटरी तोडल्यावर टेस्टर विझला. मग तिनं पेटी उघडली. सोलरची तार पत्र्याला घासून सोलली होती. गळणारी वीज जमिनीत नेणारा अर्थिंगचा खड्डा जनरेटरचा वेगळा, सोलरचा वेगळा, मेनचा वेगळा. पेटीची अर्थिंगची तार तेवढी मेनच्या खड्ड्याकडून केबलसोबत आलेली, ती मीटर हलवताना कुणीतरी कापून टाकली होती. तीन वाटांनी वीज येणारी पेटी जमिनीशी कुठूनच जोडलेली नव्हती. मायानं पार्बताबाईच्या पायांकडे पाहिलं. त्या झिजलेल्या रबरी चपलांनीच आजवर तिला राखलं होतं.

मायानं तार बदलली, तिन्ही खड्डे एकमेकांना जोडले आणि तिन्हींतल्या सगळ्यात मोठ्या वाटेला पुरेल अशी जाड पट्टी खड्ड्यांपासून आणून पेटीला आवळली. पार्बताबाई खड्ड्यांत पाणी ओतत राहिली. काळी माती पीत राहिली.

वीज आली. मायानं तपासणीचा मीटर पेटीला लावून पाहिलं, मगच मान हलवली. पार्बताबाईनं हात टेकवला.

"गप झाली," ती म्हणाली. मग हळूच, "सवय झाली होती वं."

मायानं रंगाचा डबा मागवला आणि पेटीच्या दारावर ठळक अक्षरं काढली. पार्बताबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून मग मोठ्यानं वाचून दाखवली: "वीज तीन वाटांनी येते. तिन्ही बंद केल्याशिवाय उघडू नये."

"तीन वाटा," पार्बताबाई पुटपुटली आणि ओल्या अक्षरांवर बसू पाहणारा कापूस पदरानं वारत राहिली.